नमकीन बंद

आहारतज्ज्ञ बाईंनी फाइलच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं : नमकीन बंद. त्या मूळच्या इंदूरच्या नसाव्यात. ज्या गावात पोह्यांवर शेव, कचोरीबरोबर शेव, वरण-भाताशीही शेव, आणि पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत अर्धा किलो शेव, तिथल्या माणसाला नमकीन बंद म्हणणं म्हणजे त्याला तडीपार करण्यासारखंच.

सल्ला होता यांच्या हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडतो त्या दुखण्यासाठी, पण तो देताना बाई बघत होत्या माझ्याकडे. डॉक्टरांचंही तेच. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य ते पेशंटला म्हणतात आणि मान मात्र बायकोने डोलवायची असते. नंतर मी बाहेरच्या बाकांवर बसलेल्या जोड्या बघत होते. पेशंट बाई असेल तर तिलाच सांगतात आणि तीच डोलवते. हिशोब कुठल्याही बाजूने मांडला तरी उत्तर स्वयंपाकघरातच निघतं.

यांना काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. अँजिओप्लास्टी झाली, माणूस ऑफिसला जायला लागला, रिटायरही झाला. मग एका पावसाळ्यात जिना चढताना मध्येच थांबायला लागले. ‘वय झालं’ म्हणून आम्ही ते सोडून दिलं. रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या, मग पाठीशी लोड आला. आडवं झालं की खोकला, उठून बसलं की बरं. संध्याकाळी मोज्यांच्या इलॅस्टिकची खूण पायावर खोल उमटायला लागली आणि अंगठ्याने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. रिपोर्टात इजेक्शन फ्रॅक्शन 28.

धाकटे दीर तो आकडा वाचून मटकन खुर्चीतच बसले. ‘म्हणजे दादाचं हृदय अठ्ठावीस टक्केच चालतंय?’ तसं नसतं. डावा कप्पा रक्ताने भरला की एका ठोक्यात त्यातलं किती बाहेर फेकलं जातं, त्याचा तो आकडा. धडधाकट माणसाचंही शंभर कधीच नसतं, 55 ते 70 च्या दरम्यान असतं. 40 किंवा त्याखाली गेलं की पंप कमजोर झाला असं धरतात. काहींचा आकडा 50 च्या वर असूनही हेच सगळं होतं. त्यांचं हृदय पिळतं बरं, पण ताठर झाल्यामुळे नीट सैलावत नाही, म्हणून नीट भरत नाही. आमचं प्रकरण पहिल्या जातीचं. अटॅकमध्ये स्नायूंचा एक तुकडा मेला होता, उरलेल्यांनी काही वर्षं त्याचंही काम ओढलं आणि मग तेही थकले.

आपल्याकडे ही कथा फार घरांत घडते. 2013 साली केरळात त्रिवेंद्रमच्या आसपासच्या हॉस्पिटलांतून हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात सरासरी वय 61 च्या आसपास निघालं आणि सत्तर टक्क्यांहून अधिक जणांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. मला त्यातली तिसरी गोष्ट जास्त लागली. घरी जाताना शास्त्राप्रमाणे सगळी औषधं मिळालेले रुग्ण साधारण चौथा हिस्साच होते. मिठाबद्दल मात्र सगळ्यांनाच सांगितलं गेलं असणार, याची मला खात्री आहे.

आता मीठ नेमकं कुठे आडवं येतं ते. पंप कमजोर झाला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडांना हृदयाचं दुखणं ठाऊक नसतं. त्यांचा समज होतो की अंगातलं पाणी आटलंय, रक्त वाहून गेलंय. मग ती मीठ धरून ठेवतात आणि मिठामागे पाणी थांबतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढवले जातात. कधीकाळी जखमी माणसाला वाचवण्यासाठी अंगात असलेली ही सोय इथे उलटते. साठलेलं पाणी पायात उतरतं, पोटात जातं, फुफ्फुसांत झिरपतं, आणि आधीच थकलेल्या पंपाला जास्त रक्त, आवळलेल्या नळ्यांतून ढकलावं लागतं.

मी मिठाचा हिशोब आमच्या सासूबाईंच्या पद्धतीने केला. पिशवी फोडली की वरती तारीख लिहायची. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच मीठ सांगते. चमचाभर, तोही सपाट. म्हणजे दोघांच्या घरात किलोची पिशवी निदान शंभर दिवस जायला हवी. आमची दीड-दोन महिन्यांत संपायची. शिवाय लोणचं, पापड, शेव, चिवडा, पाव, बिस्किटं यांतलं मीठ त्या पिशवीत नव्हतंच. पापडात तर मीठही आणि पापडखारही, दोन्हींत सोडियम. ढोकळ्यातल्या सोड्यात सोडियम, आणि पोट जड झालं की पाण्यात फसफसणाऱ्या त्या पांढऱ्या पुडीतही.

जाऊबाईंनी मॉलमधून ‘लो सोडियम’ मीठ आणलं. फार प्रेमाने आणलं, महागही होतं. त्यात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. यांच्या गोळ्यांपैकी दोन गोळ्या रक्तातलं पोटॅशियम वाढवणाऱ्या. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाची लय बिघडते आणि ते काही सांगून सवरून होत नाही. तो डबा मी त्यांच्याच हाती परत दिला, ‘तुमच्याकडे वापरा, पण भाऊजींच्या बीपीच्या गोळ्यांचं एकदा डॉक्टरांना विचारून घ्या’ म्हणून. सैंधवाचंही एक खूळ आहे. उपासाला चालतं म्हणून हृदयालाही चालत असेल, असं लोकांना वाटतं. ते गुलाबी दिसतं, बाकी सोडियमच. आणि पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या जिरावणात काळं मीठ असतंच.

चवीचं म्हणाल तर जीभ वळते. पहिले काही आठवडे घरात सुतक असल्यासारखं जेवण झालं, यांनी ताटाकडे बघायचं आणि मी यांच्याकडे बघायचं नाही. मग मी आमटीला आमसूल वाढवलं, भाजीला भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोशिंबिरीला लिंबू आणि हिरवी मिरची. कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद केलं, कारण तिथे ते कुणाला कळतही नाही. जिथे जिभेला ते हवं असतं, त्या एका भाजीत थोडं ठेवलं. इंदुरी पोहे म्हणजे बडीशेप, धणे, वाफेवरचे मऊ पोहे, वर डाळिंबाचे दाणे, बारीक कांदा, लिंबू. शेव काढून घेतली तरी पोहे पोहेच राहतात. भुट्टे का कीस तर आम्हाला वरदानच ठरलं. किसलेलं कणीस दुधात शिजलं की त्याचीच गोडी इतकी येते की मीठ चिमटीभर पुरतं. गराडूचं, म्हणजे त्या तळलेल्या कंदाचं, मात्र काही जमलं नाही. मसाल्याशिवाय गराडू खाण्यात अर्थ नाही, तेव्हा थंडीत सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो तर यांच्या वाट्याला दोन फोडी आणि मग गरम दूध.

पुढे मुलीने पुण्याहून कळवलं की 2022 साली एक मोठा अभ्यास छापून आलाय. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं सोडियम दिवसाला 1500 मिलिग्रॅमच्याही खाली आणायचा प्रयत्न केला, तर रुग्णांना बरं थोडं जास्त वाटलं, पण मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या खेपा काही कमी झाल्या नाहीत. हे वाचून मला विलक्षण मोकळं वाटलं. म्हणजे माफक मीठ पाळायचं, पण घराचा आश्रम करायची गरज नाही. सासरच्या काही मंडळींना हे पटलं नाही. त्यांना आजारपणात तपश्चर्या दिसावी लागते. ‘सहा महिने मीठच सोडलं हो त्यांनी!’ हे वाक्य लग्नात चार जणांत सांगण्यासारखं असतं. ‘रोज न चुकता गोळ्या घेतात’ यात सांगण्यासारखं काय आहे?

आणि माझं सगळं भांडण इथेच आहे. आपल्याकडे पथ्याला मान आहे, गोळीला नाही. पथ्य पाळणारा संयमी, आणि गोळ्या खाणारा बिचारा. ‘किती गोळ्या! केमिकलच सगळं. थोडं बरं वाटलं की हळूहळू कमी करत जा,’ असं सांगणारी माणसं आमच्या बैठकीत शेवेच्या बशीसमोर बसून हे सांगून गेली आहेत. मीठ कमी केल्याने पाणी साठत नाही, दम कमी लागतो, हे खरं. पण यांचा आकडा 28 वरून 38 वर आला तो आमसुलाने आलेला नाही.

गोळ्यांचे चार खांब सांगतात. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही जोडगोळी मूत्रपिंडांच्या त्या चुकीच्या समजुतीला आवर घालते, नळ्या सैल करते. बीटा ब्लॉकर ठोक्यांची घाई कमी करतो. स्पायरोनोलॅक्टोन मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनला अडवते. चौथी डॅपाग्लिफ्लोझिन. ही आली मधुमेहाच्या औषधांतून. लघवीवाटे साखर बाहेर जाते, सोबत थोडं मीठ-पाणीही, आणि मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही तिचा उपयोग होतो हे 2019 साली सिद्ध झालं. केमिस्टकडचा पोरगा दर वेळी विचारतो, ‘अंकलला शुगर कधीपासून?’ आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभीजींना तर आम्ही शुगर लपवतोय असंच वाटतं. गंमत अशी की या जातीच्या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या एका पदार्थापर्यंत जातं, 1835 सालच्या. केमिकल म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

लघवी जास्त होण्याची गोळी, आमची टॉर्सेमाइड, या चारांत नाही. तिने सुज उतरते, श्वास मोकळा होतो, म्हणून पेशंटचं प्रेम तिच्यावर. पण ती पाणी काढते, हृदयाची ताकद वाढवत नाही. ज्या गोळ्या आयुष्य वाढवतात त्या घेतल्याचं अंगाला त्या दिवशी काही कळत नाही, आणि जी लगेच कळते ती तात्पुरतं काम करते. बीटा ब्लॉकरची तर आणखी उलटी तऱ्हा. सुरुवातीला माणूस जास्तच गळून जातो. डॉक्टरांनी अगदी छोट्या मात्रेपासून सुरू केलं आणि थोड्या थोड्या आठवड्यांनी वाढवत नेलं. मधल्या काळात हे सोफ्यावर नुसते पडून असायचे आणि मला म्हणायचे, ‘ही मला सोसत नाही गं.’ एकेकाळी डॉक्टरही हेच म्हणत. कमजोर हृदयाला हे औषध द्यायचंच नाही, असा दंडक होता. 1975 साली स्वीडनमध्ये गोटेबर्गच्या डॉक्टरांनी ते देऊन बघितलं, रुग्ण सुधारलेले दाखवले, तरी जगाला पटायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली. यांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘मग मला पटायला दोन महिने तरी दे.’

बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या तर काय होतं, हेही लंडनमध्ये पाहून झालंय. हृदय फुगून कमजोर झालेले, पण औषधांनी पुन्हा नीट झालेले 51 रुग्ण. त्यातल्या 25 जणांची औषधं हळूहळू, देखरेखीखाली थांबवली. सहा महिन्यांत 11 जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्यांत तेवढ्या काळात एकाचाही नाही. त्यांचं मूळ कारण आमच्यापेक्षा वेगळं होतं, हे मला कळतं. तरी ‘हळूहळू कमी करा’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी पाठ करून ठेवलाय.

एक औषध मात्र मी घरातून हाकललं. यांचा गुडघा दुखतो आणि दीर येताना खिशात डायक्लोफिनॅकची पट्टी घेऊन येतात. ते असोत की आयबुप्रोफेन, या गोळ्या मीठ-पाणी अंगात अडवतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि आधीच्या औषधांचा जोर कमी करतात. सर्दी-अंगदुखीच्या तयार गोळ्यांतही कधी हेच लपलेलं असतं. गुडघ्याला आता डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, शेक आणि थोडा व्यायाम.

या सगळ्यात बाथरूमच्या दाराशी ठेवलेला काटा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच लुंगीवर. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात, दूधवाल्याच्या खुणेशेजारी. चरबी काही एका रात्रीत चढत नाही, तेव्हा तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ झाली तर ते पाणीच. पाय सुजायच्या आणि दम लागायच्या आधी ते काट्यावर दिसतं. भाचीच्या लग्नात दाल-बाफले होते, कढी होती, पापड होते, आणि आग्रह होता. मामांना वाढताना इंदूरच्या माणसाचा हात आखडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा दोन किलोच्या पुढे गेला. हे म्हणाले, ‘बाफल्यांचं तूप आहे ते.’ मी डॉक्टरांना फोन केला. अशा वेळी पाण्याची गोळी किती आणि किती दिवस वाढवायची हे त्यांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं, फक्त सुरू करताना कळवा म्हणाले होते. दोन-तीन दिवसांत आकडा जागेवर आला. पूर्वी हाच प्रकार रात्री दोन वाजता धाप लागून, गाडी काढून, इमर्जन्सीत ऑक्सिजन लावून संपत असे.

उन्हाळ्यात गणित उलटं होतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, घाम जातो, आणि पाण्याची गोळी तिचं काम करतच असते. मग काटा खाली जातो, उठून उभं राहिलं की अंधारी येते. जुलाब-उलट्या लागल्या तर पहिला फोन डॉक्टरांना, कारण त्या दिवसांत काही गोळ्या थांबवाव्याही लागतात, आणि त्या कोणत्या ते आपण ठरवायचं नसतं. सुरुवातीला यांना दिवसाचं पाणी दीड लिटर ठरवून दिलं होतं. चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं त्यात धरून. आता तब्येत स्थिर आहे तर डॉक्टर म्हणतात तहानेप्रमाणे प्या. नेदरलँड्समध्ये 2025 साली झालेल्या अभ्यासातही स्थिर रुग्णांना पाणी मोजून देण्याचा फारसा फायदा दिसला नाही. पन्ह्यात मात्र मी मीठ घालत नाही, वेलची जास्त घालते.

फिरायला हे नेहरू पार्कात जातात. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग, असं सांगितलंय. यांना तसंही गाता येत नाही, त्यामुळे मित्रमंडळी मापाला येतात. त्या मंडळींची अडचण अशी की फेऱ्या संपल्या की ती थेट पोहे-जिलबीच्या ठेल्यावर जातात. तिथे आता यांचं एक नाव पडलंय. ठेल्यावरचा भिया लांबूनच ओरडतो, ‘बिना सेव, बिना जीरावन वाले साहब आ गए!’ पहिल्यांदा हे हिरमुसले होते. आता त्यांच्यातल्या आणखी दोघांनी शेव सोडलीय. एकाला बीपी आहे, दुसऱ्याला नुसती भीती.

फ्लूची लस वर्षाला एकदा, न्यूमोनियाचीही घेतली. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. सिगारेट यांनी अटॅकनंतरच सोडली होती. यावर लिहिण्यासारखं काही नाही, करून टाकायची कामं आहेत.

या महिन्यात पुण्याला जायचंय, नातवाच्या मुंजीला. गोळ्यांचा आठवड्याचा डबा, वर महिन्याचा साठा, औषधांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो, गाडीत खायला दशम्या आणि दह्यातली कोशिंबीर. समोरच्या बाकावर कुणीतरी शेवेची पुडी उघडणारच आणि आग्रह करणारच, इंदूर-पुणे गाडीत ते चुकत नाही. काट्यावरून मुलीशी वाद झाला. ती म्हणते, ‘आई, माझ्याकडे डिजिटल आहे, तुमचं ते लोखंडी धूड कशाला आणतेस?’ पण तिचा काटा आमच्यापेक्षा सव्वा किलो जास्त दाखवतो, हे मी मागच्या दिवाळीत बघून ठेवलंय. मुंजीच्या जेवणानंतर चढलेला सव्वा किलो काट्याचा की पाण्याचा, यावर मांडवात यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही. तेव्हा धूड बरोबर येणार. मोठ्या बॅगेत तळाशी जातं, वर यांचं सोवळं आणि माझ्या दोन पैठण्या.